सातवा रकाना

सायमीने अर्ज सगळा भरला,
फक्त एका जागी पेन अडलं:
लॉगिन शेल कोणता?
"रिकामं सोडलं तर चालेल?"
चालतं. रिकाम्या जागी आम्ही बॅश लिहितो,
जसं कॅन्टीनमध्ये काही न बोलता उभं राहिलं
की गुरुवारी वाटाण्याचं सूप मिळतं.

पण तिला फरक हवा होता.
बाहेर औलूची खाडी गोठलेली, दुपारी अडीचलाच दिवे लागलेले,
आणि मला तरी कुठे घाई होती.

म्हटलं, आम्ही फिनिश लोक शेलला कवच म्हणत नाही,
म्हणतो आज्ञांचा दुभाष्या.
यंत्र एकच आहे, तळघरात, एकशे चाळीस जणांत मिळून,
आणि त्याला आपलं कुणाचंच बोलणं कळत नाही.
तू मध्ये कुणाला उभं करतेस, एवढाच प्रश्न.
बॅश सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून कुणाचाच खास नाही.
झी-शेल तुझं अर्धं वाक्य पुरं करतो;
काहींना आवडतं ते. मला नवऱ्याचंही नाही आवडत.
फिश रंगीत, चुकलीस तर लिहिता लिहिताच लाल होतो.

"आणि हा?"
तिचं बोट यादीतल्या शेवटच्या नावावर. टी-सी-शेल.
तो एकट्या तौनोचा.

तौनो केरानेन. तेवीस हिवाळे बर्फाची जाडी मोजली.
मिशीत हिमकण घेऊन यायचा, बूट हीटरवर ठेवायचा,
खोलीभर ओल्या लोकरीचा वास,
आणि दोन बोटांनी टाइप करायचा.
तीनदा सांगितलं मी, बदल हा शेल, जुना झाला.
म्हणाला, मीही झालोय, आमचं जमतं.
प्रॉम्प्टच्या जागी त्याने एकच शब्द ठेवला होता:
बोल.
रोज सकाळी यंत्र त्याला म्हणायचं, बोल.
घरी असं म्हणणारं कुणी नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

एप्रिलमध्ये तो गेला. बर्फात नव्हे,
बर्फात गेला असता तर गोष्ट झाली असती.
दवाखान्याच्या रांगेत, हातात टोकन.

हे सायमीला सांगितलं नाही.

नियम असा, की गेलेल्या माणसाचं खातं पुसायचं नाही.
फायली पोरक्या होतात,
मालकाच्या नावाजागी नुसता आकडा उरतो.
त्याची ओळ तशीच ठेवायची,
नाव, क्रमांक, घराचा पत्ता,
फक्त शेवटचा, सातवा रकाना बदलायचा.
तिथे असा दुभाष्या बसवायचा
ज्याला एकच वाक्य येतं.

आठ महिने मी टाळलं. ऑडिटवाल्यांनी दोनदा विचारलं.
त्या दिवशी सायमीचं खातं काढलं
(बॅश. शेवटी रिकामंच सोडलं तिने)
आणि फाईल उघडीच होती, म्हणून
दोन ओळी वर गेले.
मग त्याच्या नावाने दार वाजवून पाहिलं.

हे खातं सध्या उपलब्ध नाही.

त्या "सध्या"कडे बघत बसले.
कुणी लिहिला असेल हा शब्द,
कुठल्या गावात, कुणाला डोळ्यांपुढे ठेवून.

रात्रपाळीला, पावणेचारच्या सुमारास,
यंत्रावर कोण जागं आहे ती यादी चाळत होते.
वरून तिसरी ओळ: तौनो.
त्याने लावून ठेवलेलं रोजचं काम.
त्याला लॉगिन लागत नाही, मी विसरलेच होते.
खाडीतल्या अकरा बोयांना एकेक करून विचारत होतं,
बर्फ किती?
नऊ बोलल्या.

सायमीच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली:
सहा आणि दहा नंबर गप्प आहेत, बहुधा बॅटरी.
स्क्रिप्ट जुन्या बोलीत आहे.
थोडी शिकून घे.